परसांतील खुराडें आणि गांधीलमाशा

शेतीस जोडधंदा म्हणून परसांत दहावीस कोंबड्या पाळण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. घरच्या मुलांच्या तोंडीं चार अंडीं पडतात, उरतील तीं बाजारांत जातात, आणि अडीनडीला एखादा कोंबडा विकून रोख पैसाही हातीं येतो. हा सारा व्यवहार बहुतेक घरांतून बायकामुलांकडे असतो. त्यामुळें खुराड्याभोंवतीं गांधीलमाशांचा वावर वाढला म्हणजे त्याचा उपद्रव कोंबड्यांच्याही आधीं बायकामुलांस होतो. दाणे टाकावयास गेलेल्या मुलीच्या डोळ्यापाशीं माशी डसते, अंडीं काढावयास गेलेल्या म्हातारीच्या हाताला डंख होतो, आणि मग संध्याकाळीं घरांतील कर्ता पुरुष तिरीमिरीनें काकडा पेटवून पोळें जाळावयास निघतो.

पाऊस ओसरूं लागला म्हणजे ही तक्रार मंडळाच्या सभासदांकडून आमच्या कानीं येऊं लागते. कारण पावसाळाभर वाढत गेलेलीं पोळीं भाद्रपद-आश्विनांत मोठीं झालेलीं असतात. पोळें जाळावें कीं त्यावर औषध मारावें, एवढाच प्रश्न विचारला जातो. आमचें उत्तर असें कीं, बहुतेक ठिकाणीं या दोहोंपैकीं एकही करावें लागत नाहीं. माशी खुराड्याशीं कोणत्या कामासाठीं येते तें आधीं पाहावें. तें काम तेथें होईनासें करावें. आणि जें पोळें माणसाच्या हातापाशीं आहे तेवढेंच काढावें. याचा खुलासा पुढें क्रमानें करीत आहों.

प्रथम माशी ओळखावी

खुराड्यापाशीं गुणगुणणारी प्रत्येक माशी गांधीलमाशी नसते, आणि गांधीलमाशाही सर्व सारख्या नसतात.

उन्हाळ्यांत कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याच्या कांठावर ज्या लहान माशा रांगेनें बसतात त्या पुष्कळदां सातेरी किंवा फुलोरी मधमाशा असतात. त्यांच्या अंगावर बारीक लव असते. गांधीलमाशीचें अंग गुळगुळीत, कंबर सुईसारखी बारीक, आणि उडतांना लांब पाय खालीं लोंबत असतात. मधमाशांमुळें आपल्या बागेंतील फळें धरतात, सूर्यफुलाचे दाणे भरतात. त्यांस मारणें म्हणजे आपल्याच उत्पन्नास कात्री लावणें होय. पसरट भांड्यांत खडे टाकून व पाणी भरून तें खुराड्यापासून दूर ठेवावें, म्हणजे त्या हळूहळू तिकडे वळतात.

दुसरी कुंभारीण. ही भिंतीच्या कोपऱ्यांत किंवा खुंटीवर ओल्या मातीचें घरटें बांधते. ती एकटीच राहते. कोळी किंवा अळ्या डंखानें लुळ्या करून आपल्या पिलांच्या शिदोरीसाठीं घरट्यांत कोंडते. घरट्याचें रक्षण करणारी फौज तिच्यापाशीं नसल्यामुळें ती माणसाच्या अंगावर सहसा येत नाहीं. तिच्या वाटेस जाण्याचें कांहींच कारण नाहीं.

तिसरी ती लहान गांधीलमाशी. वळचणीला, पत्र्याखालीं, खुराड्याच्या तळाशीं किंवा झुडपांत हिचें पोळें एका देंठानें टांगलेलें असतें. त्यावर आवरण नसतें. खालून पाहिलें असतां षट्कोनी घरें उघडीं दिसतात. वाळलेलें लाकूड जबड्यानें खरवडून, लाळेंत कालवून, ही माशी एक प्रकारचा राखाडी कागद करते आणि त्याचें पोळें बांधते. शास्त्रज्ञ या माशांस रोपालिडिया व पॉलिस्टिस अशीं नांवें देतात. खुराड्याच्या आसपास दिसणारीं पोळीं बहुतकरून यांचींच असतात.

चौथी ती मोठी गांधीलमाशी. हींत दोन जाती आपल्याकडे विशेष आढळतात. एक तांबूस तपकिरी रंगाची असून तिच्या तोंडावर व पोटावर पिवळा रंग असतो. गुऱ्हाळापाशीं, मिठाईच्या दुकानांत आणि मासळीबाजारांत घोंघावणारी ती हीच. दुसरी काळी असून तिच्या पोटावर एक रुंद पिवळा पट्टा असतो. दोन्ही जाती जमिनींतील बिळांत, झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत राहतात, त्यामुळें पोळें सहज दिसत नाहीं. यांचा डंख जबर असतो आणि पोळें डिवचलें गेल्यास पुष्कळ माशा एकदम अंगावर येतात. काळ्या माशीची आणखी एक खोड ध्यानांत ठेवावी. ती लहान गांधीलमाशांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांतील अळ्या पळविते. म्हणून खुराड्याच्या छपरापाशीं ती घिरट्या घालूं लागली तर ती कोंबड्यांसाठीं आली असें समजूं नये. छपराखालीं लहान माशांचें पोळें असावें, असें समजून पाहणी करावी.

माशी खुराड्याशीं कां येते

गांधीलमाशी मध सांठवीत नाहीं. तिला रोजचें रोज आणावें लागतें, आणि तिचे हेलपाटे चार कामांसाठीं असतात: पाणी, लाकूड, मांस व गोड. हीं चार कामें ध्यानांत आलीं म्हणजे उपाय आपोआप सुचतात.

पाणी तिला पिण्यास लागतें, कागद कालवण्यास लागतें, आणि कडक उन्हांत पोळ्यावर शिंपडून तें थंड करण्यासही लागतें. कोंबड्यांचें पसरट, उघडें, भोंवतीं चिखल झालेलें भांडें ही तिची आयती पाणपोईच होय.

लाकूड तिला उन्हापावसानें करडें पडलेलें लागतें. कुंपणाचे जुने खांब, खुराड्याच्या फळ्या, मोडके बांबू यांवर बारीक पांढरट ओरखडे दिसले तर तेथून ती कागदाचा माल नेत आहे असें समजावें.

मांस ती स्वतःसाठीं नेत नाहीं. तिची कंबर इतकी बारीक असते कीं घट्ट अन्न तिच्यानें गिळवत नाहीं. अळ्या, माशा व मांसाचे तुकडे चावून त्यांची गोळी ती पोळ्यांतील आपल्या पिलांसाठीं नेते. खुराड्यापाशीं टाकलेल्या मासळीच्या डोक्यांवर, फुटलेल्या अंड्यावर, मेलेल्या पिलावर ती येते ती याच कारणानें. मोठ्या गांधीलमाशा तर उकिरड्यावरील माशाही पकडून नेतात.

गोड मात्र तिचें स्वतःचें अन्न. फुलांतील रस, गळालेले पेरू, चिकू, सीताफळें, काकवीचा डबा यांवर ती तुटून पडते. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नवीं आणलेलीं पिलें प्रवासानें थकलेलीं असतात म्हणून त्यांस पहिल्या दिवशीं गुळाचें पाणी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पद्धत चांगली आहे, परंतु तें पाणी उघड्यावर ठेवलें आणि दिवसभर तसेंच राहूं दिलें तर माशांस नेमकें पिलांच्या घोळक्यांत बोलावणें पाठविल्यासारखें होतें. मोठ्या कोंबडीला पिसांचें चिलखत असतें. कित्येक कोंबड्या तर भोंवतालची माशी टिपून खातातही. पिलाला तें चिलखत नसतें. म्हणून गुळाचें पाणी झांकल्या जागीं, थोड्या वेळापुरतें ठेवावें, आणि पिलें पिऊन झालीं कीं भांडें धुऊन साधें पाणी भरावें.

वावर कमी करण्याचे उपाय

वरील चारही कामांचा बंदोबस्त करण्यास पैसा जवळजवळ लागत नाहीं. शिस्त मात्र लागते.

पाण्याचें भांडें पसरट न ठेवतां उलट्या बरणीचें, अरुंद कांठाचें ठेवावें. खालीं विटांचा किंवा खडीचा ओटा करावा, म्हणजे चिखल होणार नाहीं. तें सावलींत व शक्य तर छपराखालीं असावें. माशांसाठीं व मधमाशांसाठीं दुसरें पाणी, वर सांगितल्याप्रमाणें, परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावें. नवें पाणी ठेवल्यावर आठवडाभरानें जुनें भांडें बदलावें. दोन्ही एकाच दिवशीं केल्यास माशा जुन्याच जागीं घोटाळत राहतात.

खाद्य संपेल तेवढेंच घालावें. घरांतील उष्टें, मासळीचीं डोकीं, मटणाचीं हाडें खुराड्यांत टाकावयाचीं असतील तर सकाळीं लवकर टाकावीं आणि कोंबड्यांनीं न खाल्लेलें तासाभरांत उचलून खड्ड्यांत पुरावें. फुटलें अंडें व मेलेलें पिलूं दृष्टीस पडतांच काढावें. गळालेलीं फळें रोज संध्याकाळीं वेंचावीं. भुसा ओला राहूं देऊं नये. ओल्या भुशांत माशांच्या अळ्या होतात आणि त्या पाठोपाठ गांधीलमाशा येतात. खुराड्यास कोंबड्यांची जाळी असली तरी तिच्या भोंकांतून माशी सहज जाते, म्हणून जाळीच्या भरंवशावर राहूं नये.

खुराड्याच्या लाकडास वर्षांतून एकदां तेलाचा किंवा रंगाचा हात द्यावा. त्यानें लाकूडही टिकतें आणि माशीला खरवडण्यास मालही मिळत नाहीं. ही गोष्ट कोंबड्या दुसरीकडे ठेवून करावी आणि वास गेल्यावरच त्यांस आंत सोडावें.

कित्येक लोक बाटलीचा सांपळा लावतात. बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवावयाचा आणि आंत गोड पाणी ठेवावयाचें, अशी ती युक्ति आहे. मोठ्या तांबूस गांधीलमाशीसाठीं ती कांहींशी उपयोगी पडते. परंतु तींत मध घालूं नये, नाहीं तर मधमाशाच बुडून मरतात. आंबलेल्या गुळाच्या पाण्यांत थोडा शिरका घालावा, म्हणजे मधमाशा दूर राहतात. सांपळा खुराड्यावर टांगणें ही तर मोठीच चूक होय. तो वीस-तीस फुटांवर, मुलांच्या वाटेपासून बाजूला असावा. शिवाय सांपळ्यानें चार माशा मरतात, पोळें मरत नाहीं, हेंही विसरूं नये.

आठवड्याची पाहणी

सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे नियमित पाहणी. लहान गांधीलमाशीचें नवें पोळें एक किंवा फारतर मोजक्या माद्या मिळून सुरू करितात. त्या वेळीं तें रुपयाएवढें असतें व त्यांत दहापांचच घरें असतात. त्या अवस्थेंत तें लांब बांबूनें, संध्याकाळीं, एका झटक्यांत पाडतां येतें. तेंच दोन महिन्यांनीं ताटलीएवढें झालें म्हणजे त्यासाठीं सर्व तयारी करावी लागते.

आम्ही कचेरींत असतांना पीकपाहणीचे तक्ते पाहण्यांत पुष्कळ वर्षें घालविलीं. ज्या गांवची पाहणी वेळेवर होई त्या गांवचे तंटे कमी, हा अनुभव आहे. तीच रीत येथें लावावी. एक साधी वही करून तींत तारीख, ठिकाण, पोळ्याचा आकार व काय केलें अशीं चार घरें आंखावीं. दर आठवड्यास एक दिवस ठरवून पुढील जागा पाहाव्या: छपराच्या पत्र्याच्या पन्हळी, कौलांखालील वळचण, अंडीं घालण्याच्या पेटीचा तळ व मागची बाजू, उघड्या नळांचीं व बांबूंचीं तोंडें, न वापरलेलीं डालगीं, पंपाच्या खोलीची चौकट आणि जवळचीं झुडपें. बांबूंचीं व नळांचीं तोंडें मातीनें बुजवून टाकावीं. अंड्यांच्या पेटींत हात घालण्यापूर्वीं ती पाहण्याची संवय मुलांस लावावी.

आपल्याकडे ही पाहणी बारमहा असावी. थंडी पडली कीं पोळें आपोआप मरतें, असें परदेशी पुस्तकांतून लिहिलेलें असतें. तें त्या थंड मुलुखापुरतें खरें आहे. दक्षिण हिंदुस्थानांतील आपल्या हवेंत रोपालिडिया मार्जिनाटा या लहान गांधीलमाशीचीं पोळीं वर्षभर चालूं राहतात.

कोणतें पोळें काढावें व कोणतें ठेवावें

येथेंच आमच्या शेतकरी बंधूंनीं थोडा विचार करावा अशी आमची विनंति आहे. हीच माशी दिवसभर आपल्या भाजीपाल्यावरील, हरभऱ्यावरील अळ्या वेंचून नेत असते. मजुरी न घेतां राबणारी ही गडीमाणसें आहेत. पोळें दिसलें कीं जाळलें, ही रीत चालूं ठेवली तर ज्या अळीसाठीं आपण दुकानांतून महाग औषध आणतों तिचा एक शत्रू आपणच नाहींसा करितों.

म्हणून नियम असा ठेवावा. खुराड्याचें दार, अंड्यांची पेटी, पाणवठा, मोरी, गोठा, मुलांची खेळण्याची जागा यांपासून दहापंधरा फुटांच्या आंत असलेलें पोळें काढावें. वाटेवर डोक्याच्या उंचीला असलेलें काढावें. घरांत कोणास पूर्वीं डंखानें सर्वांगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास कोंडला असेल, तर याहून अधिक अंतरापर्यंतचेंही काढावें. बाकीचें, म्हणजे उंच आंब्यावरचें, शेताच्या टोकाचें, पडक्या भिंतीवरचें, खुशाल राहूं द्यावें आणि त्याच्याखालून जाणें टाळावें. वेडा राघू व मोहोळघार यांसारखे पक्षीही त्यांच्या संख्येस आळा घालीत असतात.

बांधावरील झाडास पोळें असेल तर प्रश्न दोघांचा होतो. झाड कोणाच्या गटांत आहे यावर वाद घालीत बसण्यापेक्षां दोन्ही घरांनीं मिळून निर्णय घ्यावा. निदान पोळें काढण्याच्या रात्रीं शेजाऱ्यास आगाऊ कळवावें. न कळवितां पोळें डिवचल्यामुळें शेजारच्या बैलांनीं दावीं तोडल्याचीं व त्यावरून वैर जडल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत.

आग आणि विष

आगीच्या नुकसानीचे पंचनामे आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. आगीच्या कारणाच्या रकान्यांत चुलीची ठिणगी, विडीचें थोटूक, तारांचें घर्षण हीं नेहमींचीं कारणें. परंतु "गांधीलमाशांचें पोळें जाळीत असतां" हे शब्दही आम्हीं एकाहून अधिक वेळां वाचले आहेत. त्यांतील एक प्रकरण सांगतों. चांगल्या बागायतदाराचें घर. खुराड्यास पत्र्याचें छप्पर, त्याखालीं ताटलीएवढें पोळें, आणि भिंतीला लागून कडब्याची गंज. घरच्या तरुण मुलानें संध्याकाळीं बांबूला चिंध्या बांधून, घासलेटांत भिजवून, पोळें पेटविलें. पोळें कागदाचेंच, तें भडकलें आणि जळतां तुकडा गंजीवर पडला. माशा उठल्यामुळें पाणी घेऊन जवळ जाण्यास कोणी धजेना. गंज गेली, खुराडें गेलें, रात्रीसाठीं आंत कोंडलेल्या कोंबड्या आंतच गेल्या, आणि मुलास डंखांमुळें चार दिवस इस्पितळांत राहावें लागलें. आग स्वतःच्या हातानें लागलेली असल्यामुळें मदतीच्या अर्जावर लिहिण्यासारखें कारणही त्या गृहस्थांस उरलें नाहीं. दोनतीनशें माशांसाठीं एवढी किंमत कोणी मोजावी?

विषाची गोष्ट याहून कठीण, कारण त्याचें नुकसान दिसत नाहीं. जुन्या घरांच्या माळ्यावर अद्याप बी. एच. सी. भुकटीचे डबे सांपडतात. या भुकटीस आपल्या देशांत १९९७ सालापासून बंदी आहे. कोंबड्यांच्या उवांसाठीं पूर्वीं सर्रास वापरलें जाणारें कार्बारिल हेंही २०१८ सालीं बंद झालें. बी. एच. सी. सारखीं विषें चरबींत सांठतात आणि कोंबडीच्या पोटांतून अंड्यांत उतरतात. म्हणजे माशीसाठीं टाकलेलें विष शेवटीं आपल्याच मुलाच्या ताटांत येतें. परवानगी असलेलें कीटकनाशकही खुराड्यावर मारूं नये. विषानें पडलेल्या माशा कोंबड्या टिपून खातात, आणि दाणापाण्यावर फवारा उडतो तो निराळाच.

पोळें काढण्याची रीत

लहान गांधीलमाशीचें उघडें पोळें काढावयाचें असेल तर साबणाचें पाणी पुरें होतें. एक लिटर पाण्यांत भांडीं घांसण्याचा पातळ साबण दोन मोठे चमचे मिसळावा. या पाण्यानें माशीचें अंग भिजतें, श्वासाचीं छिद्रें बुजतात व ती पडते. फवारणीचा पंप मात्र कधींही तणनाशक किंवा कीटकनाशक न भरलेला असावा. शेतांतील पंप धुऊन घेतला तरी तो खुराड्यासाठीं वापरूं नये.

वेळ रात्रींची निवडावी. अंधार पडून दीडदोन तास झाले म्हणजे बहुतेक माशा पोळ्यावर परतलेल्या असतात व सहसा उडत नाहींत. खुराडें शेजारींच असेल तर कोंबड्या दिवस असतांनाच दुसरीकडे डालग्याखालीं ठेवाव्या. अंगावर जाड कपडे, हातमोजे, पायांत बूट, आणि रुंद टोपीवरून मच्छरदाणीचें कापड सोडून तें सदऱ्यांत खोंचावें. विजेरीच्या कांचेवर तांबडा कागद बांधावा, कारण तांबडा उजेड माशांस जवळजवळ दिसत नाहीं. विजेरी हातांत न धरतां बाजूला ठेवावी. शिडीवर चढून हें काम करूं नये. डंख होतांच माणूस दचकतो आणि डंखापेक्षां पडण्यानेंच अधिक इजा होते. जमिनीवर उभें राहून पोळ्यापर्यंत फवारा पोंचत नसेल तर तें काम जाणकार माणसाकडे सोंपवावें. परत फिरण्याची वाट आधींच मोकळी करून ठेवावी आणि सोबत एक माणूस दूर उभा ठेवावा.

पोळें पुरतें भिजवावें. पडलेल्या माशा पायानें चिरडूं नयेत. चिरडलेल्या माशीच्या विषाच्या वासानें उरलेल्या माशा चवताळतात. सकाळीं पोळें देंठासकट खरवडून साबणाच्या पाण्याच्या बादलींत बुडवावें, मेलेल्या माशा झाडून पुराव्या, कारण मेल्या माशीची नांगीही टोंचते. आणि मगच कोंबड्या सोडाव्या. देंठाच्या जागीं थोडें तेल चोळावें. बाहेर राहिलेल्या कांहीं माशा दोनतीन दिवस त्या जागीं घोटाळतात, त्यांस मारण्याच्या मागें लागूं नये.

राणी मारली कीं पोळें संपलें, अशी एक समजूत आहे. ती खरी नाहीं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनीं वर उल्लेखिलेल्या रोपालिडिया मार्जिनाटा या माशीचा कित्येक दशकें अभ्यास केला असून त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ सालीं प्रसिद्ध झाला. या पोळ्यांत अंडीं घालणारी राणी एका वेळीं एकच असते. परंतु ती नाहींशी झाली कीं कामकरी माशांपैकींच एक पुढें होऊन तिची जागा घेते. म्हणून अर्धेंमुर्धें काम करून कांहीं साधत नाहीं; काढावयाचें तें पोळें पुरतें काढावें.

मोठ्या गांधीलमाशीच्या बिळाशीं किंवा ढोलीशीं मात्र स्वतः जाऊं नये. बिळांत घासलेट ओतणें, तोंड दगडानें बुजविणें हे उपाय धोक्याचे आहेत. भिंतींतील पोळ्याचें तोंड बुजविलें तर माशा आंतल्या बाजूनें वाट काढून घरांत उतरतात. अशा ठिकाणीं कोंबड्यांची फिरण्याची जागा बदलावी, तेथें कुंपण घालून मुलांस मनाई करावी, आणि हें काम करणारा अनुभवी माणूस बोलवावा.

डंख झाल्यास

कोंबडीस डंख बहुधा तुऱ्यावर, गलोलावर किंवा डोळ्यापाशीं होतो. सुजलेल्या जागीं थंड पाण्याचें फडकें लावावें, पक्षी सावलींत निराळा ठेवून पाणी जवळ ठेवावें. डोळा मिटला असेल, किंवा पक्षी मान टाकूं लागला असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावा. माणसांचीं औषधें अंदाजानें पाजूं नयेत.

माणसास डंख झाला तर प्रथम तेथून दूर होऊन घरांत जावें; हात झटकूं नयेत. गांधीलमाशी मधमाशीसारखी नांगी अंगांत सोडून जात नाहीं, त्यामुळें तीच माशी पुनः पुनः डसूं शकते. हातावर डंख असल्यास सूज येण्यापूर्वीं अंगठ्या व बांगड्या काढाव्या. जागा साबणानें धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. शेण किंवा माती लावूं नये; त्यानें धनुर्वाताचें भय उत्पन्न होतें.

परंतु सर्वांगावर गांधी उठणें, ओंठ किंवा जीभ सुजणें, श्वास लागणें, उलटी होणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, यांपैकीं एकही लक्षण दिसलें तर घरगुती उपायांत एक क्षणही घालवूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें इस्पितळ गांठावें. अशा वेळीं अॅड्रेनलिनच्या सुईनें प्राण वांचतो. लिंबू, चुना किंवा मंत्र यांनीं वांचत नाहीं. एकाच वेळीं पुष्कळ डंख झाले असतील तर माणूस बरा दिसत असला तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावें. मोठ्या गांधीलमाशांच्या अनेक डंखांनीं मूत्रपिंडें बिघडतात, आणि लघवी कमी किंवा काळसर होणें हें त्याचें चिन्ह एकदोन दिवसांनींही दिसूं शकतें.

सारांश, दाणापाणी झांकावें, उष्टें उचलावें, दर आठवड्यास पाहणी करावी, जवळचें पोळें लहान असतांनाच काढावें, दूरचें राहूं द्यावें, आणि काकडा व विषाची बाटली या दोहोंस खुराड्यापाशीं फिरकूं देऊं नये. येत्या आठवड्यांत आपल्या परसांतील छप्परें एकवार खालून पाहून घ्यावीं आणि वहींत पहिली नोंद करावी, एवढी विनंति करून हा लेख येथें पुरा करितों.